अप्पा शांत झाले

कॉलेजात आम्ही नऊजण घरी मराठी बोलणारे. बी.एस्सी. होऊन यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून सगळ्यांनी म्हैसुरात भेटायचं ठरलं, आणि कुठं भेटायचं यावरून गावात राहिलेले आम्ही दोघंच भांडलो, मी आणि माझा एक जुना मित्र. त्याला आपल्या अग्रहारातल्या जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, खाली पानावर पंगत हवी होती. मला लिफ्ट असलेलं हॉटेल. "निम्म्यांचे गुडघे गेलेत. बसवशील, पण उठवणार कोण? तू?" मी फोनवर विचारलं. तो हट्टाला पेटला, मग मीही. शेवटी मी म्हणाले, "तू आलास काय, न आलास काय, मला काही फरक पडत नाही," आणि फोन ठेवला.

जन्मभर मास्तरकी केली. चूक नेहमी समोरच्याची असते, ही सवय काही जात नाही. पुढच्या आठवड्यात त्याचे तीन फोन आले, एकही उचलला नाही. म्हटलं, बसू दे जरा धुमसत.

मग एका सकाळी आमच्या ग्रुपवर त्याच्या नंबरावरून निरोप आला. त्याची नजर अधू झाल्यापासून टाइप करायचं काम सुनेकडे असतं. "नमस्कार. अप्पा काल शांत झाले. सगळं छान पार पडलं."

मला आधी त्या 'छान'चाच राग आला. मग कळलं, तो गेला. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. पुण्याच्या मैत्रिणीनं तर त्याच्या कॉलेजातल्या नकलांवर पानभर लिहिलं. मला एक अक्षर सुचेना. गावातल्याच विजयनगरात माझं घर, तिथून त्याच्याकडे जायला रिक्षा केली आणि सबंध वाटभर ते तीन फोनच डोक्यात फिरत राहिले. जाता जाता माणसानं तीनदा हाक मारली आणि मी तोंड फुगवून बसले होते. असली कसली मी! रिक्षातच रडू फुटलं.

त्याच्या दाराला आंब्याच्या पानांचं ताजं तोरण होतं. सुतकाच्या घरी तोरण? सुनेला चार शब्द सुनावायचे, असं मनाशी ठरवत मी आत पाऊल टाकलं, तर समोरच्या खुर्चीत नवं कोरं धोतर नेसून तो स्वतः, हातात कालच्या उरलेल्या होळिगेची, म्हणजे पुरणपोळीची, बशी.

"बा कणे, ये," तो म्हणाला. "आत्ता सवड झाली होय? काल सत्तरीची शांत झाली माझी. तीनदा फोन केला बोलवायला!"

मी उंबऱ्यातच बसकण मारली. "अय्यो, काय झालं गं हिला? नीरु आण, नीरु!" तो ओरडला, तशी सून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. ती कानडी घरातली. मराठी शिकली ती लग्नानंतर, सासूकडून, ऐकून ऐकून. 'अप्पांची शांत झाली' असं लिहायच्या ऐवजी तिनं सरळ 'अप्पा शांत झाले' लिहिलं होतं. मराठीत तेवढ्यानं माणूस मरतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, तशी तिनं जीभ चावली. तो मात्र ठसका लागेपर्यंत हसला. मुलांच्या वह्यांत लाल शाई ओतण्यात माझा जन्म गेला, पण व्याकरणाच्या चुकीचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पाणी पिऊन झाल्यावर मी म्हणाले, "त्या दिवशी बोलले ते मनातलं नव्हतं रे."

"गोत्तु कणे, ठाऊक आहे," तो म्हणाला. "पन्नास वर्षं ओळखतो तुला. होळिगे खा."

मग त्यानं सुनेकडून सगळे शोकसंदेश मोठ्यानं वाचून घेतले. पुण्याच्या मैत्रिणीचा दोनदा. खूश होऊन ऐकत होता. शेवटी माझ्याकडे वळला. "तू काय लिहिलंस माझ्यावर?"

"काहीच नाही. लिहवेना."

त्याचं हसू ओसरलं. बशी त्यानं बाजूला ठेवली. मग फोन माझ्या हातात देत म्हणाला, "आता तूच लिही."

चष्मा पुसून मी फोन घेतला. खुलासा करायचा, सुनेची बाजू मांडायची, सगळ्यांची माफी मागायची, असं खूप मनात होतं. 'तो आहे' एवढंच लिहिलं, आणि पुढचं दिसेना.