बसवलेला कंट्रोल

वडनेर भोलजीच्या माणिकरावांचा डॉक्टरांवर फारसा विश्वास नव्हता, देवावर तर नव्हताच. होता तो लेकीवर. सारिका नांदुऱ्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. गवंडीकामानं माणिकरावांचे गुडघे पार कामातून गेले होते, त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या रोजच्याच. किडनी बिघडली तर गोळ्या लगेच बंद, असं डॉक्टरनं बजावलेलं. म्हणून सारिका अधूनमधून त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी बिघडली की वाढतं ते, बघायची, "नॉर्मल आहे, बाबा" म्हणायची, आणि म्हातारा बिनघोर गोळी गिळायचा.

आता लॅबमधला कारभार ऐका. सकाळी मशीनवर आधी 'कंट्रोल' लावतात, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो असा नमुना. तो बरोबर आला तरच पेशंटच्या रक्ताला हात लावायचा. इथं तो कमी यायचा, म्हणजे मशीन सगळ्यांचाच आकडा कमी दाखवत होतं. खरं तर अशा वेळी रसायन बदलावं, मशीन नव्यानं जुळवावं, तोवर लोकांना थांबवावं. पण बाहेर रांग, आत मालकाची घाई. मग कंट्रोल पुन्हा लावायचा, परत लावायचा, कधीतरी आकडा हद्दीत बसायचाच. बसला की काम सुरू. सारिकाला शिकवलंच तसं होतं. पोरगी हुशार, तरी तिनं कधी तोंड उघडलं नाही, याचाच राग येतो.

माणिकरावांचं तोंड सुजलं, धाप लागली, तेव्हा तिनं त्यांना अकोल्याला नेलं. दोन्ही किडन्या जवळपास निकामी झाल्या होत्या. डायलिसिस आजच करा, डॉक्टर म्हणाले.

"मी नाही करत," माणिकराव अडून बसले. "मांगच्या महिन्यात माह्या पोरीनं नॉर्मल सांगतलं. सारिका, तू तपास. तू म्हणशीन तसं करतो."

सारिकाला ठाऊक होतं: तिच्या मशीननं आजही नॉर्मलच सांगितलं असतं.

"बाबा, माह्या मशीनवर भरोसा ठेवू नका. कंट्रोल चुकत होता. बरोबर येईपर्यंत मी लावत राह्यली."

"म्हंजे तुले मालूम होतं?"

"हाव."

माणिकरावांनी तिच्याकडची मान वळवली. मग नर्सला म्हणाले, "चाला, कुठं न्यायचं तिथं न्या."

आता ते आठवड्यातून दोनदा अकोल्याला जातात. रिपोर्ट आला की शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून वाचून घेतात. सारिका तिथंच उभी असते.