शॉकअपमधलं जाड ऑइल

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या जयगडला ठाऊक आहे. पण त्या दिवशी उगाच नव्हतं तापलं.

आईच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. पाठीला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिला तपासणीला रत्नागिरीला न्यायचं, म्हणून मी माझी रिक्षा आधी मिस्त्रीकडे नेली. "फार डुलते. शॉकअप कडक करा," म्हटलं. त्यानं ते खोलून जाड ऑइल भरलं. मी मागच्या सीटवर बसून दाबून बघितलं. सावकाश खाली, सावकाश वर. झकास!

आणि वाटेत एका खड्ड्यात असा दणका बसला की माझे दात वाजले. रस्ता कसला, चाळण नुसती! मागे आई हूं नाही की चूं नाही. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, चल."

संध्याकाळी तिला घरी सोडलं नि तडक गॅरेज गाठलं. "अरे मेल्या, ऑइल भरलंस की सिमेंट?" पुढे काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तसंच ऑइल भरलेला एक शॉकअप टेबलावरच्या पकडीत आवळला.

"दांडा ओढा. हळू."

ओढला. आला मुकाट्यानं.

"आता हिसका द्या."

दिला. मनगटातनं कळ गेली, दांडा जेमतेम हलला.

"आत बारकी भोकं आहेत, ऑइल त्यातनं जायचं. सावकाश ओढलंत तर वाट देतं. घाई कराल तेवढं जास्त अडतं, आणि जाड असलं तर विचारूच नका. तुम्ही सीटवर बसून दाबलंत ते हळू. खड्डा हळू दाबतो काय? किती वेगात होता तुम्ही?"

माझं पित्त खवळलं, कारण उत्तर मला ठाऊक होतं. बंदराकडच्या एका ट्रेलरवाल्यानं मला कट मारला होता. हलकट! आणि मी, आई मागे बसलेली असताना, त्याला गाठायला निघालो होतो.

"तुम्हाला काय करायचंय? पातळ भरा!" मी ओरडलो. त्यानं भरलं.

पुढच्या आठवड्यात टाके काढायचे होते. मी रिक्षा दारात लावली. आई पिशवी घेऊन बाहेर आली आणि रिक्षाला वळसा घालून स्टॉपकडे चालू लागली.

"एसटीनं जाऊया."

"एसटीनं? अगं, हाडं खिळखिळी होतील तुझी! रिक्षा नीट केलीय मी. आणि त्या दिवशी एवढं दुखलं, तर तेव्हाच बोलायला काय झालं होतं?"

ती थांबली. मागे न बघताच म्हणाली, "कशी बोलणार? तू आधीच तापलेला. आणखी जोरात पळवली असतीस."