मावशी आणि चार तलंगा

रोज सकाळी ती आमच्या परसात यायची, एकेक तलंग काखेत दाबायची, शेपटीखाली दोन बोटं लावून चाचपायची आणि मान हलवायची. "अजून कवळी हाय, मास्तरीनबाई. हाडं मोकळी झाली न्हाईत." अंड्यावर न आलेल्या कोंबडीला तलंग म्हणतात, हेही मला तिनंच शिकवलं.

मिरजगावात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. अख्खी आळी तिला मावशी म्हणायची. तुमच्याही आळीत अशी एक असेल, जिला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

दुष्काळाचं साल होतं. माणसांना दाणे नव्हते, तिथं कोंबड्यांना कोण घालणार? लोकांनी त्या विकल्या, नाहीतर खाल्ल्या. बाजारात अंडं दिसेना. आणि नेमके आमचे हे टायफॉइडमधून उठलेले, नुसती हाडं राहिलेली. डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं. हे शाळामास्तर, वर गळ्यात माळ. मी म्हटलं, औषधाला कसला आलाय विटाळ! हे "बरं" म्हणाले. मी माहेराहून चार तलंगा आणल्या.

मला कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. मावशी म्हणेल ते खरं. चाचपता चाचपता एखादीला बाजूला काढून ती म्हणायची, "हिचं पोट बिघडलंया. माझ्याकडं न्हेते, वाईच हळद चारते." दुपारी परत आणून सोडायची. वर मी तिला चहा पाजायचे!

ह्यांची मनगटं बघून माझा जीव तुटायचा. मग मी कोंबड्यांवर ओरडायचे, "खाता तर पोटभर, मग द्या की गं भवान्यांनो!" मावशी पदर तोंडाला लावून हसायची. "पहिलटकरनीला घाई करू न्हाई, बाई. तिला भ्या वाटतं." आणि तलंगेच्या पाठीवरून असा हात फिरवायची की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

महिना गेला, दीड महिना गेला. एक दिवस तिचं ताट परत द्यायला गेले, तर मागच्या पडवीत एका डालग्याखाली माझी तलंग कोकलत होती. डालगं उचललं. खाली ताजं, गरम अंडं. शेजारी तिची खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती, तिच्या पोटाखाली आणखी अकरा.

माझं डोकंच फिरलं. "चोर आहेस तू! आजारी माणसाच्या तोंडचा घास पळवलास!" आळी गोळा झाली. मावशी एवढंच म्हणाली, "व्हय बाई, चुकलं. पर त्या अकरांना हात नगा लावू, त्यांनी जीव धरलाय."

मी तलंग आणि ते एक अंडं घेऊन घरी आले. अंडं उकडून ह्यांच्यापुढं ठेवलं. ह्यांनी माळ खुंटीला अडकवली आणि डोळे मिटून गिळलं. त्यानंतर रोजच गिळत राहिले. तब्येत धरली. मावशीशी मी बोलणं टाकलं, ते टाकलंच. पुढं ती कोपरगावला लेकीकडं निघून गेली. जाताना दाराशी आली नाही. मीही बाहेर गेले नाही.

ती गेल्यावर एका जेवणाला हे म्हणाले, "अंडी मीच तिला न्यायला सांगितली होती. तुला नाही म्हणवेना, आणि माळ सोडवेना."

दोघांनी मिळून मला दीड महिना वेड्यात काढलं होतं! तिचा राग आलाच, ह्यांचा त्याहून आला. विचारलं, "आणि मी तिला चोर म्हणत होते, तेव्हा?"

"खाटेवर होतो. ऐकत होतो."

मी हात धुतला आणि कागद काढला. तिच्या लेकीच्या पत्त्यावर पत्र लिहायला बसले. हे मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्यात माझं नाव नको घालूस. मावशीला वाचता येत नाही, दुसरं कुणीतरी वाचून दाखवणार."

अख्ख्या आळीसमोर तिनं ते नाव घेतलं नव्हतं. मी पहिल्याच ओळीत घातलं.