सव्वा लाखाची, सव्वा किलोची

विकत घेण्याआधीच वस्तू वापरून जुनी करणारी एकच व्यक्ती सगळ्या खानदेशात आहे, आणि नात्यानं ती माझी थोरली मेहुणी लागते. माझ्या बायकोपेक्षा त्या अकरा वर्षांनी मोठ्या. घर, गल्ली आणि आता अर्धं भुसावळ त्यांना अक्का म्हणतं. अक्कांच्या घरी फ्रिज आला, त्याच्या आधी तीन महिने तो तिथंच होता. म्हणजे असं, की दुकानात जाऊन त्यांनी फ्रिजची लांबी-रुंदी मोजून आणली, स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं तेवढा चौकोन आखला आणि त्यात कुणी पाय ठेवायचा नाही असा हुकूम काढला. दार जिथवर उघडणार तिथवर एक अर्धगोलही होता. माझे साडू, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, पाणी प्यायला गेले की त्या न आलेल्या फ्रिजला वळसा घालून माठापर्यंत जात. एकदा मी नकळत चौकोनात उभा राहिलो, तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "पाव्हणे, तुम्ही भाजीच्या कप्प्यात उभे आहात." तीन महिन्यांनी "आता सवय झाली" म्हणून त्यांनी फ्रिज घेतला, तेव्हा घरात नवी वस्तू आल्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली असावी. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काढली. रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेनं तो एका हातासरशी ओढून पातळ पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाचे जंतू शोधायचे. त्यांचा हात इतका हलका, की जिल्ह्याहून आलेले डॉक्टर नव्या मुलींना सांगत, काच कशी ओढायची ते या बाईंकडून शिका. त्यामुळे घरातही अक्का काही वरवर बघत नाहीत. भिंतीवर डास दिसला की आपण चप्पल उचलतो. अक्का आधी चष्मा लावतात. एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ दंडावर चापट मारणार, तेवढ्यात अक्कांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. "थांबा. बूड वर करून बसलाय का सपाट बसलाय?" गृहस्थ घाबरून म्हणाले, "सपाट." "मग मलेरियाचा नाही. मारा." तोवर डास पोटभर जेवून उडून गेला होता.

निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मायक्रोस्कोपच्या काचा स्वतःच्या हातानं पुसल्या, त्याच्यावर खोळ घातली आणि घरी आल्या. पुढचे सहा महिने त्या डाळीतले खडे वेचत होत्या. डाळीत खडे नव्हते. शेवटी पुण्याच्या लेकीनं आपला जुना कॅमेरा आईला आणून दिला, की बाई, काहीतरी बघत बस. अक्का तो घेऊन यावलजवळ त्यांच्या एका नर्स मैत्रिणीच्या केळीच्या बागेत गेल्या, पानाच्या देठाशी बसलेल्या मावा किडीचा फोटो काढला आणि मला दाखवायला जळगावला आणला. हिरव्यावर काळा ठिपका होता. मी म्हटलं, "छान आलाय." अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "पाव्हणे, ठिपक्यात काय आहे हे सांगायचा तीस वर्षं पगार घेतला मी. आता नुसता ठिपका बघून छान म्हणू?"

तेव्हापासून मॅक्रो लेन्स हा शब्द आमच्या घरात शिरला. बारीक जिवाला मोठं करून दाखवणारी ही लेन्स जळगावच्या एका दुकानात होती आणि तिथं ती दोन आकारांत होती. एक आखूड, साधारण अर्ध्या किलोची, साठ हजारांची. दुसरी लांब, सव्वा किलोची आणि सव्वा लाखाची. अक्कांनी त्यांची नावं धाकटी आणि थोरली अशी ठेवली. दोघींनाही किडा सारखाच मोठा दिसतो. फरक एवढाच, की धाकटी घेऊन किड्याच्या अगदी तोंडाशी जावं लागतं, आणि थोरली लांबूनच बघते, त्यामुळे तो बिचकत नाही. "म्हणजे पासष्ट हजार रुपये किड्याच्या मनःशांतीचे," मी म्हणालो. अक्का म्हणाल्या, "बरोबर."

भाऊ रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. मूळचे शिरपूरकडचे, चारचौघांत मराठी बोलतात आणि मनातलं अहिराणीत. कुठल्याही किमतीची तुलना ते मोटरसायकलशी करतात. "सव्वा लाखात नवी मोटरसायकल येते," ते म्हणाले. "तिच्यावर दोन माणसं बसतात. हिच्यावर कोण बसनार शे?"

"माशी," अक्का म्हणाल्या.

मग सुरू झाली परीक्षा. अक्कांनी दुकानात जाऊन दोन्ही लेन्सांची लांबी आणि घेर टेपनं मोजला. बागेतल्या पाण्याच्या पाइपाचे तेवढेच दोन तुकडे कापून आणले, त्यात दादर ज्वारी भरून वजन हरभऱ्याइतकंही इकडं-तिकडं होणार नाही असं जुळवलं, तोंडाला झाकणं बसवली आणि जुन्या नऊवारीच्या काठाचे पट्टे लावून ते गळ्यात अडकवले. पंधरा दिवस धाकटी, पंधरा दिवस थोरली. भाजी घ्यायला जाताना गळ्यात पाइप, बँकेत पाइप. मधेच थांबून त्या पाइप दोन्ही हातांनी डोळ्यासमोर धरत आणि मनातल्या मनात वीस मोजत. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला बसल्या, तेव्हाही थोरली गळ्यात होतीच. वंदना झाल्यावर भंतेजींनी काळजीनं विचारलं, "ताई, मानेला काही त्रास आहे का?"

"नाही भंते, लेन्स आहे."

"लेन्स?"

"अजून घ्यायचीय."

भंतेजींनी डोळे मिटून घेतले. ते ध्यान होतं की हसू, हे मला अजून कळलेलं नाही.

पाइपाची कीर्ती पुढं भुसावळ स्टेशनपर्यंत गेली. दोन्ही बाजूंनी बंद केलेला पाइप पट्ट्यानं गळ्यात लटकवून एक बाई सकाळच्या गाडीला आल्या, तर पोलीस अडवणारच. "यात काय आहे?" त्यानं दुरूनच विचारलं. खोटं बोलणं अक्कांच्या स्वभावात नाही, आणि थोडक्यात सांगणंही नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की बघा, ही खरी लेन्स नाही, खरी सव्वा लाखाची आहे. तोवर आजूबाजूची माणसं चार पावलं मागं सरकली होती. शेवटी त्यांनी झाकण उघडून पाइप उपडा केला. फलाटावर ज्वारीचा ढीग पडला आणि कुठून कुठून कबुतरं उतरली. पोलिसानं ज्वारीचा एक दाणा चावून बघितला आणि मोठ्या आदरानं म्हणाला, "दादर आहे का? आमच्याकडं यंदा झालीच नाही."

महिना संपला तेव्हा अक्का मला घेऊन दुकानात गेल्या. निकाल ठरलेला होता: थोरली. दुकानदारानं लेन्स त्यांच्या कॅमेऱ्याला लावून दिली, स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, याचा फोटो काढून बघा." अक्कांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्यात घड्याळाचा प्रत्येक काटा दुहेरी दिसत होता. दुकानदार भला माणूस, हळूच म्हणाला, "मॅडम, हात जरा स्थिर..." आणि अर्ध्यावरच थांबला. अक्कांनी कॅमेरा खाली ठेवला, लेन्स अलगद सोडवून त्याच्या पुढं केली आणि म्हणाल्या, "महाग आहे."

महाग हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. चुकीच्या वजनाची किंवा चुकीच्या मापाची वस्तू त्यांनी शंभरदा नाकारली असेल. महाग म्हणून कधीच नाही. मला राहवलं नाही, म्हणून मी त्यांच्याबरोबर भुसावळच्या गाडीत बसलो. खिडकीतून केळीच्या बागा मागं जात होत्या आणि अक्कांचे दोन्ही हात पदराखाली होते. मग त्या म्हणाल्या, "वर्ष झालं, मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही."

मी त्यांच्या पदराकडं बघितलं.

"डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. वजन पेलतं का, हे बघायला मी पाइप घेऊन नव्हते हो फिरत. जड वस्तू हातात असली की हात दबून राहील, हलणार नाही, असं वाटलं होतं. पाइपाच्या वेळी कळत नव्हतं, त्याच्यातून फोटो निघत नाही ना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका."

मी भाऊंना सांगितलं नाही. मी फक्त बायकोला सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊ एकटेच जळगावला आले. दुकानात जाऊन त्यांनी अनामत ठेवली आणि दोन दिवसांसाठी थोरली लेन्स मागून घेतली. मग माझ्या दारात येऊन पिशवी अशी धरली, जणू तिच्यात अंडी आहेत. "चला. हाई सव्वा लाखनी माशी दोन दिन करता लिनी. अवं, तिले काही सांगू नका." शेवटचं वाक्य माझ्या बायकोसाठी होतं, आणि ते तिनं या वेळी तरी पाळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं यावलच्या बागेत गेलो. अक्कांनी लेन्स हातात घेतली. बराच वेळ फक्त तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या. भाऊंनी भाड्यानं कॅमेऱ्याची तिवईसुद्धा आणली होती, पण रात्रीच्या पाण्यानं बागेतली माती ओली होती. तिवईचा एक पाय रुते, तो काढावा तर दुसरा रुते. आणि अक्कांच्या भाषेत सांगायचं, तर तिवई उभी होईपर्यंत माशी रावेरला पोचलेली असे. त्यांनी हातात धरून पाच-सहा फोटो काढले. सगळे हलले. एका पानावर तांदळाच्या दाण्याएवढा, उड्या मारणारा कोळी बसला होता. अक्का त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "याला आठ डोळे असतात. पुढचे दोन मोठे." त्या आवाजात इतकं काही होतं, की मी उगाच केळीचे घड मोजू लागलो.

भाऊ पुढं गेले. अक्कांकडं पाठ करून, पानाकडं तोंड करून उभे राहिले आणि उजव्या खांद्यावर हात थोपटून म्हणाले, "ठेव आठे."

"काय?"

"तुनी थोरली. ठेव."

अक्कांनी लेन्स त्यांच्या खांद्यावर ठेवली. "श्वास सोडू नका."

"कितला येळ?"

"मी सांगेपर्यंत."

"मी काय स्टँड शे का?"

"बोलू नका, कोळी हलतो."

मालगाडी बाजूच्या रुळावर घालून सिग्नलची वाट बघण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते भाऊ तसेच उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले. कपाळावरून घामाची धार निघून मिशीत शिरली. मग एकदाचा खटका वाजला आणि भाऊंनी सोडलेल्या श्वासासरशी कोळी उडी मारून दुसऱ्या पानावर गेला. पण फोटो आला होता. दोन मोठे काळे डोळे, त्यांच्या बाजूला बारके, भोवती भुरे केस, आणि त्या डोळ्यांत केळीच्या पानाची हिरवी रेघ. अक्कांनी तो कितीतरी वेळ बघितला आणि मला दाखवला. मी छान म्हणायची हिंमत केली नाही. त्याच म्हणाल्या, "छान आलाय."

लेन्स परत करायला तिघंही दुकानात गेलो, पण अक्कांचा निकाल असा सहजासहजी लागत नसतो. त्यांनी भाऊंना काउंटरपाशी पाठमोरं उभं केलं आणि आधी धाकटी त्यांच्या खांद्यावर ठेवून बघितली. धाकटीला जवळ जावं लागतं. तिच्यातून दुकानदाराचं घड्याळ राहिलं बाजूला, भाऊंचा कान तेवढा केसांसकट स्वच्छ दिसला. मग थोरली ठेवली. ती कानाच्या पुढं निघून गेली आणि घड्याळाचा एकेक काटा मोजता आला. दुकानातली गिऱ्हाइकं हातातलं काम सोडून बघत होती. "हीच द्या," अक्का म्हणाल्या. सव्वा लाख दिले गेले आणि त्या दिवशी भाऊंनी मोटरसायकलचं नाव काढलं नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. अक्कांच्या घराच्या भिंतीवर माश्या, कोळी, चतुर, केळफुलावरच्या मधमाश्या अशी मंडळी लावलेली आहेत. परवा ते फोटो बघताना मला दिसलं, की त्यात जमिनीवरचं काही नाही आणि उंचावरचंही नाही. सगळे जीव एकाच उंचीवरचे, भाऊंच्या खांद्याच्या. हे मी अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तेवढंही पुष्कळ आहे, पाव्हणे. अजून तेच बघून झालं नाही."

हात आता पूर्वीपेक्षा जास्त हलतो. काही दिवस असे येतात, की खांदासुद्धा पुरत नाही. तरी ठरलेल्या दिवशी दोघं यावलच्या बसमध्ये बसतातच. मागच्या थंडीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. कॅमेरा पिशवीतच राहिला. दोघं बांधावर एकाच पोत्यावर बसले होते आणि समोरच्या पानावर अक्का बोटानं काहीतरी दाखवत होत्या. बोट थरथरत होतं, त्यामुळे नेमकं कुठं ते कळत नव्हतं. भाऊंनी ते बोट आपल्या मुठीत धरलं आणि त्याच्या रोखानं डोळे बारीक करून बघत राहिले. मलाही काही दिसत नव्हतं. ऊन पानांवरून खाली उतरत आलं होतं. बऱ्याच वेळानं भाऊ एकदम म्हणाले, "दिसनी! माले दिसनी!"

"हळू बोला," अक्का म्हणाल्या. "उडून जाईल."