माझ्या निधनाची टेस्टिंग

आता ऐकायचंच असेल तर ऐका, पण मधात हसू नका. त्यात हसण्यासारखं आहे ते तुमच्यासाठी, माझ्यासाठी काहीच नाही.

गोंदियात आम्ही काही प्रोग्रामर रविवारी चहाच्या टपरीवर जमतो. कोणी नोकरीवाले, कोणी नुसते हौशी. विषय ठरलेला: तू कोणत्या लँग्वेजमध्ये लिहितो आणि तुझा सर्वात कठीण प्रोजेक्ट कोणता? आमचा निलेश जावावाला. राइस मिलच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर त्यानं केलं, ते दर रविवारी सांगते. त्या दिवशी माझी पाळी आली.

"तू पायथनवाला ना बे? बोल," निलेश म्हणाला.

"आमच्या समाजाचं अ‍ॅप."

"त्यात का कठीण हाय? फोन नंबर अन् लग्नाचे बायोडाटे."

"आणि निधनवार्ता," मी म्हटलं.

"ते चालते का पण?"

हे तपासलं नव्हतं. झोंबलं मले. तसाच घरी आलो.

कोणी वारलं की त्याच्या नावापुढे 'मयत' करायचं, मग फोटोसकट बातमी सगळ्या समाजाच्या मोबाइलवर जाते. आता हे तपासायचं कोणाच्या नावावर, सांगा? काकाचं टाकलं तर काकू चपलेनं मारन. मनानं नाव बनवलं, तर त्या नावाचा कोणीतरी आमच्या समाजात जिवंत निघतेच. म्हणून स्वतःचं टाकलं. फोटोही चांगला निवडला.

तपासायची कॉपी वेगळी असते, खरं अ‍ॅप वेगळं. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. मी खऱ्यावर होतो.

पहिला फोन आईला आला. ती माझ्याच ताटात भात वाढून राहिली होती. "हो का?" म्हणाली. "थांबा, त्यालेच विचारते."

थोड्या वेळानं आमगावचा मामा रडत आला. दार मीच उघडलं, तर मलेच विचारते, "कुठं ठेवला बे त्याले?" मग ओळखलं अन् दोन ठेवून दिल्या.

बातमी मागं घ्यावी म्हटलं, तर मेलेल्याले जिवंत करायची सोय मी केलीच नव्हती. कायले करीन? वरून कोडमध्ये 'फक्त मयताचाच' ही अट लिहायची राहून गेली होती. मेलेल्याचा बायोडाटा काढायचा होता, माझ्यासोबत समाजातल्या सगळ्या पोरापोरींचे उडाले.

संध्याकाळी बातमीखालचं वाचत बसलो. जिकडंतिकडं हात जोडलेले. एकानं लिहिलं, 'चांगला होता.' एकानं विचारलं, 'कोण?' निलेशनं लिहिलं, 'लॅपटॉप कोणाकडे आहे?' लय वाईट वाटलं. माणसानं स्वतःच्या माघारी काय बोलतात ते वाचूच नये.

पण खरी धास्ती तिरोड्याची होती. तिथल्या एका पोरीशी माझं लग्न जमत आलं होतं. पुण्यात नोकरी, तीही प्रोग्रामर. फोनवर बोललो होतो, मले ती मनापासून आवडली होती. आता पोराच्या निधनाची बातमी आली म्हटल्यावर अपशकुन कोण चालवून घेते?

तिच्या बाबांचा फोन आला. मी हात जोडूनच उचलला.

"घाबरू नका," काका म्हणाले. "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढते. आपल्याकडून पक्कं समजा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त पोरगी विचारून राहिली, ते सगळ्यांचे बायोडाटे परत आले का? बॅकअप का काय म्हणते, तो होता का?"

"नाही जी काका."

"काही हरकत नाही, सांगतो तिले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. काकांचा आवाज पडलेला.

"पोरगी नाही म्हणते. मेला त्याचं काही नाही म्हणते, पण बॅकअप काऊन नव्हता? मी लय समजावलं, ऐकतच नाही. आता खरं सांगा, हे बॅकअप नसणं म्हणजे तुमच्या घराण्यातली बिमारी हाय का?"

"नाही जी काका," मी म्हटलं. "माझ्यापासूनच सुरू झाली. अन् आता माझ्यावरच संपन, असं दिसते."