बाटलीतली राणी

चष्मा कपाळावर सरकवायचा, नाक टेकेल इतकं खाली वाकायचं आणि मान वर न करताच म्हणायचं, “आधी बघा, मग बोला.” आमच्या शाळेतल्या सायन्सच्या बाई म्हटलं की मला ती वाकलेली पाठ आठवते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फक्त बघण्यासाठी वाकणारी.

गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. मी भाईंदरच्या त्या शाळेत मराठी शिकवायचो. बाई रत्नागिरीकडच्या, केबिन रोडच्या मागे खोली घेऊन एकट्या राहायच्या. “एकट्या कशा राहता हो?” असं शेजारणीने विचारलं, तर म्हणायच्या, “आरामात.”

श्रावणातली संध्याकाळ होती. पाऊस उघडला आणि शाळेचा व्हरांडा पंखवाल्या किड्यांनी भरून गेला. शिपाई झाडू घेऊन आला, तेवढ्यात बाईंनी त्यातून बिनपंखांची एक काळीभोर मुंगी उचलून औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकली.

“मुंगळाच ना हा?” मी विचारलं.

“मुंगळ्याचा मधला भाग असा फुगलेला असतो का? इथे पंख हलवायचे स्नायू असतात. आणि ह्या पंख तुटल्याच्या खुणा. राणी आहे ही! उडून झालं, लग्न झालं. आता घर मांडायला जागा शोधतेय.”

तेवढ्यात शाळेचे चेअरमन आले. जुने मिठागरवाले, तिथलेच. त्याच पावसाळ्यात वाळवीने त्यांच्या घरातलं सागवानी कपाट पोखरलं होतं.

“वालवीची राणी हाय ती. फेका.”

“वाळवी नाही, साहेब. वाळवीला कंबर नसते, हिची बघा केवढी बारीक. वाळवीच्या मिशा सरळ, हिच्या कोपरात वाकलेल्या.”

“मना शिकवू नका. शालंत ही नको.”

“तुम्ही बघा. बघून वाळवी म्हणालात, तर आत्ता फेकते.”

त्यांनी बघितलं नाही. बाईंनी फेकली नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली वर्गात, टेबलावर. तळाशी पाणी, ते अडवायला कापसाचा बोळा, भोवती पतंगाचा लाल कागद; मुंग्यांना लाल दिसत नाही, म्हणजे राणीला आत अंधारच. आठवडा संपायच्या आत चेअरमननी बाईंचा सायन्सचा तास काढून घेतला आणि त्यांना शिवणाचा दिला. बाई शिवणाच्या वर्गात बाटली घेऊन गेल्या. मुली काजं करता करता राणीची अंडी बघायच्या. राणी काही खात नव्हती. आपलेच पंखांचे स्नायू जिरवून पिल्लांना भरवत होती. हे सांगताना बाईंचा आवाज एरवीपेक्षा खाली यायचा.

दिवाळीनंतर पहिल्या कामकरी मुंग्या निघाल्या, अगदी बारक्या. बाईंनी त्यांना काचेच्या झाकणाची लाकडी पेटी करून घेतली.

वर्ष संपलं तेव्हा बाईंना कायम करायचं नाही असं ठरलं. आम्ही दोघं-तिघं जाऊन भांडलो, पण कमिटी हलली नाही. चेअरमन स्वतःच सांगायला आले. बाईंनी पेटी त्यांच्यासमोर ठेवली. “आता तरी बघता?”

ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मुंगलेच हायत. लाकूड खात न्हाईत.” आणि पाठ सरळ करत, “पन बाई, निर्णय झालाय.”

“निर्णय तुमचा. मुंगळे माझे.”

उत्तनजवळच्या चौक गावात त्यांना शाळा मिळाली. मी स्टँडवर पोचवायला गेलो. पेटी मांडीवर घेऊन बाई खिडकीशी बसल्या.

कंडक्टर म्हणाला, “बाई, जिवंत जनावरांचं तिकीट लागतं.”

“मोजा. जितके भरतील तितकी तिकिटं घेते.”

तो काचेवर वाकला, बोटाने मोजायला लागला, चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. मागची कोळीण हसत म्हणाली, “आरं, गाडी सोड आदी!”

गाडी हलली. बाईंनी हात केला नाही. त्यांचे दोन्ही हात पेटीवर होते.