एमआरआय रूममधले गेस्ट

स्कॅन सेंटरांमध्ये काम करणारे आम्ही चार-पाच मराठी लोक अधूनमधून रविवारी बेंगळुरूच्या इंदिरानगरात डोसा खायला भेटतो. कुणी सीटीवर, कुणी एक्स-रेवर, मी एमआरआयवर. कामाचं बोलायचं नाही असं दरवेळी ठरतं. पण कॉफी यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "परवा आमच्याकडे काय झालं माहितीये?" मग एकातून दुसरा किस्सा निघत जातो. आधी सगळे हसतात. मग हसणारे एकेक करून कमी होतात आणि शेवटी कुणीतरी बिल मागवतं.

माझ्या किश्श्यांत माणसं दोनच. एक आमचे सीनियर टेक्निशियन शिवाजीअण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड इतकं की पुण्याकडचे पेशंट त्यांच्याकडे बघत राहतात. मी निपाणीची, मला सगळं समजतं. अण्णा गोड बोलणाऱ्यांतले नव्हेत. पेशंटवरही खेकसतात.

दुसरे मॅनेजर प्रसादसर. आधी हॉटेल लाइनमध्ये होते. मराठी येत नाही, आमच्याशी हिंदीत बोलतात. आले त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की इथून पुढे पेशंट म्हणायचं नाही, गेस्ट म्हणायचं.

अण्णा मला हळूच म्हणाले, "गेस्टला भोक पाडून इंजेक्शन कसं द्यायचं गं?"

*

एमआरआय म्हणजे एक भला मोठा चुंबक. स्कॅन चालू असो नसो, चुंबक चालूच असतो. म्हणून दारावर मोठा लाल बोर्ड होता, लोखंडाची कुठलीही वस्तू आत नेऊ नका म्हणून. प्रसादसरांना तो बोर्ड आवडला नाही. गेस्ट आधीच घाबरलेला असतो, त्याला आणखी कशाला घाबरवायचं? त्यांनी बोर्ड काढला आणि अख्ख्या दारावर धबधब्याचा फोटो चिकटवला. अण्णांनी विरोध केला, तर म्हणाले, स्टाफला माहीतच आहे ना.

स्टाफला माहीत होतं. पण सफाईचं कंत्राट बदललं आणि यल्लम्मा नावाची नवी बाई आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही एका पेशंटला बाहेर आणून व्हीलचेअरवर बसवत होतो, दार उघडं होतं. फरशी पुसायची लोखंडी ट्रॉली ढकलत ती आमच्या मागून आत गेली. ट्रॉली तिच्या हातातून सुटली आणि उडत जाऊन मशीनच्या तोंडावर आदळली. सुटताना तिचं मनगट पिरगळून गेली. ती खाली बसून ओरडत होती.

प्रसादसर वरच्या मजल्यावरून धावत आले. दाराची कड ट्रॉलीनं खरवडली होती. त्यावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "फोटो फाटला का?"

दुसऱ्या दिवशी कंत्राटदारानं दुसरी बाई पाठवली.

*

इलेक्ट्रॉनिक सिटीतला एक सॉफ्टवेअरवाला कंबरेच्या स्कॅनसाठी आला. जिमचे कपडे घालून आला होता. मी त्याला गाऊन दिला. तो म्हणाला की दुसऱ्यांनी घातलेला गाऊन मी घालणार नाही, माझ्या कपड्यांना ना चेन आहे ना बटण. मी सांगितलं की हल्ली अशा कपड्यांत घामाचा वास येऊ नये म्हणून चांदीचे धागे घालतात, ते आत तापतात. तो सरळ प्रसादसरांकडे गेला. सरांचा निरोप आला: गेस्टच्या कम्फर्टचं बघा. मी करत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या शिफ्टच्या मुलाकडून स्कॅन करून घेतला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या कुशीवर लाल पट्टा उठला होता. मी बर्फ लावला, डॉक्टरांना दाखवलं, तर म्हणाला, इट्स ओके, थोडं गरम झालं इतकंच. दोन दिवसांनी त्यानं ऑनलाइन लिहिलं: स्टाफ चांगला आहे, पण आत एसी नीट चालत नाही.

प्रसादसरांनी त्याच दिवशी एसी सर्व्हिसिंगला माणूस बोलावला.

*

पेसमेकर असलेला माणूस चुकून आत गेला तर त्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून आम्ही एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो. सरांनी हे काम खालच्या मजल्यावर रिसेप्शनला दिलं. तिथली मुलगी चांगली होती, पण तिच्यापुढे रांग असायची. ती विचारायची, "शरीरात काही बसवलेलं नाही ना?" लोक म्हणायचे, नाही.

एक म्हातारे गृहस्थ गाऊन घालून दारापर्यंत पोचले. गाऊनच्या गळ्यातून कॉलरबोनखाली टेंगूळ दिसलं. अण्णांनी विचारलं, "अप्पा, छातीत मशीन बसवलंय काय?"

"होय की. बॅटरी आहे."

"मग खाली नाही कशाला म्हणालात?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "विचारताना ती पोरगी मानच नाही-नाही अशी हलवत होती. मला वाटलं, तेच बरोबर उत्तर असंल."

अण्णा खाली जाऊन त्या मुलीवर इतके ओरडले की ती रडली. प्रश्न मात्र बदलला नाही.

*

रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी आम्ही एका प्लॅस्टिकच्या बाटलीचा स्कॅन करायचो. तिच्यात ठरलेलं द्रावण असतं. तिचं चित्र जसं यायला हवं तसं आलं, तर मशीन ठीक. प्रसादसर एकदा लवकर आले आणि टेबलावर बाटली बघून त्यांनी विचारलं, "ह्यांची अपॉइंटमेंट कुणी घेतली?"

त्यानंतर सकाळचा पहिला स्लॉट गेस्टला मिळाला आणि बाटली कपाटात गेली.

पुढे काही आठवड्यांनी एका शाळेतल्या शिक्षिकेचा मेंदूचा स्कॅन झाला. डोकेदुखीसाठी आली होती. आमचे स्कॅन बाहेरचे डॉक्टर घरी बसून बघतात. त्यांना एक पांढरा ठिपका दिसला आणि त्यांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. ती बाई त्या आठवड्यात जेवली नाही. नवऱ्यानं गावाहून तिच्या आईला बोलावून घेतलं. मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा स्कॅन झाला, तिथे ठिपका नव्हता. मग आम्ही कपाटातून बाटली काढली. बाटलीतही बरोबर त्याच जागी तोच ठिपका.

नवरा भांडायला आला तेव्हा मी तिथेच उभी होते. प्रसादसरांनी त्याला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि म्हणाले, "ही तर गुड न्यूज आहे सर. प्रॉब्लेम मॅडममध्ये नाही, मशीनमध्ये आहे."

तो माणूस उठला. कॉफी तशीच ठेवून निघून गेला.

*

मग क्वालिटीची तपासणी आली. धबधबा उतरला, लाल बोर्ड परत लागला, बाटली पुसून टेबलावर आली. कुणी काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं हे सरांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं.

तपासायला आलेले मोठे अधिकारी बोलत बोलत थेट चुंबकाच्या खोलीकडे निघाले. खिशात किल्ल्या, हातात मोबाइल. अण्णा आडवे आले आणि दारात हात लावून म्हणाले, "स्वल्प थांबा सर, खिसे रिकामे करा." अधिकाऱ्यांना राग आला. मी कोण आहे माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "मला माहिती आहे, मॅग्नेटला माहिती नाही."

निकाल आला. पेशंटच्या सुरक्षेत आमच्या सेंटरला पैकीच्या पैकी मार्क. ते सर्टिफिकेट फ्रेम करून रिसेप्शनवर लावलंय.

त्याच दिवशी अण्णांना मेमो मिळाला. पाहुण्यांशी उद्धट वर्तन.

*

आणि हा मागच्या महिन्यातला.

स्कॅनला आत पाठवताना पेशंटच्या हातात आम्ही एक रबरी फुगा देतो. घाबरायला झालं, कुठे चटका बसला, श्वास कोंडला, तर तो दाबायचा. बाहेर आमच्याकडे घंटा वाजते आणि आम्ही स्कॅन थांबवतो. त्या फुग्याची नळी चिरली आणि घंटा वाजेनाशी झाली. अण्णा म्हणाले, नवीन येईपर्यंत पेशंट घ्यायचे नाहीत. सर म्हणाले, पार्ट मागवलाय, गेस्ट लांबून आलेत, त्यांना परत कसं पाठवायचं?

"आत घाबरले तर काय करतील?" अण्णांनी विचारलं.

"फुगा द्या ना हातात," सर म्हणाले. "हातात काहीतरी असलं की माणूस शांत राहतो."

अण्णा नाही म्हणाले. सर म्हणाले, मग घरी जा, दुसऱ्या ब्रँचचा मुलगा करेल. तो मुलगा स्कॅन लावून मोबाइल बघत बसतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. अण्णा थांबले. घंटा बिघडली आहे, काही वाटलं तर पाय हलवा, असं ते प्रत्येकाला सांगायचे आणि स्कॅन संपेपर्यंत काचेशी उभे राहायचे.

त्या दिवशी खानापूरकडची एक आज्जी आली. यशवंतपूरला मुलाकडे राहायची. मराठीशिवाय काही येत नव्हतं. मुलगा सरांच्या ओळखीचा, म्हणून सर स्वतः आत आले आणि फुगा तिच्या मुठीत देऊन, दाबून दाखवत हिंदीत म्हणाले, डर लगा तो दबाना. अण्णा मराठीत म्हणाले, "आज्जी, भीती वाटली तर पाय हलवा." आज्जीनं दोघांकडे बघून मान हलवली.

स्कॅन सलग नसतो. एक भाग संपला की आवाज थांबतो, थोड्या वेळानं दुसरा सुरू होतो. त्या मधल्या शांततेत अण्णा स्पीकरवरून विचारायचे, बरं आहे का आज्जी? ती म्हणायची, बरंय, बरंय. तिचे पाय एकदाही हलले नाहीत.

बाहेर काढलं तर ती घामानं चिंब. मूठ घट्ट मिटलेली, बोटं पांढरी पडलेली. पण चेहरा हसरा. मी तिला उठवून बसवलं.

"लई भ्या वाटलं बघा," ती अण्णांना म्हणाली. "जीव गुदमराय लागला. मग ह्ये दाबलं. दाबलं की तुम्ही आवाज थांबवायचा आन् इचारायचा, बरं हाय का. परत सुरू झालं की परत दाबायची. सारखी दाबत हुते. पर तुम्ही एकदाबी वैतागला न्हाई."

दारातून प्रसादसरांनी हिंदीत विचारलं, काय म्हणतायत?

मी म्हटलं, थँक्यू म्हणतायत.

सर खूश झाले. आज्जीनं मूठ उघडून फुगा बघितला.

"पोरगा-सून दिसभर कामाला असत्यात," ती म्हणाली. "घरात मी एकटीच. असला एक घरी न्यायला मिळंल काय?"

अण्णांनी फुग्याची नळी मशीनमधून ओढून काढली, नीट गुंडाळली आणि फुगा आज्जीच्या पिशवीत ठेवला.